टायटॅनियमच्या फ्रेमची परीक्षा आतून घ्यायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

चीनहून मागवलेल्या आमच्या सायकलच्या दोन टायटॅनियम फ्रेमची तपासणी तुम्ही आपुलकीने आणि कसलेही मानधन न घेता करून दिलीत, त्याबद्दल माझ्या आणि माझ्या मित्राच्या वतीने मनापासून आभार. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी अशा फ्रेम बाहेरून मागवणारे माझ्या ओळखीतच बरेच जण आहेत आणि त्या पारखण्याची तुमची पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचावी असे मला फार वाटते.

भोसरीच्या कारखान्यात रासायनिक उद्योगासाठी टायटॅनियमचे हीट एक्स्चेंजर तयार होत असताना त्यांचे वेल्डिंगचे जोड पास-नापास करण्यात तुमच्या नोकरीची वर्षे गेली. त्यामुळे आम्ही मोठ्या विश्वासाने पुढे केलेले मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा चाचणी दाखला) तुम्ही नीट वाचलेत, हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक, पाहिलात आणि एवढेच म्हणालात, की हा कागद नळीचा आहे, जोडाचा नाही. नळ्या ग्रेड ९ च्या होत्या, म्हणजे टायटॅनियममध्ये ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम. विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांमुळे नावारूपाला आलेला हा मिश्रधातू शुद्ध टायटॅनियमपेक्षा पुष्कळ मजबूत असतो. मिश्रधातू सांगितलेलाच आहे की नाही, हे हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने तपासता येते; मात्र वेल्डिंगच्या वेळी जोडात शिरलेला ऑक्सिजन त्या यंत्राला दिसत नाही आणि खरा धोका त्याचाच असतो, हे तुम्ही समजावून सांगितलेत तेव्हा आमचे लक्ष प्रथमच योग्य जागी गेले.

तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेते आणि त्याने धातू कडक व ठिसूळ होतो. म्हणून टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने केलेले विजेचे वेल्डिंग) करताना वेल्डिंगच्या टॉर्चमधून येणारा आर्गॉन हा निष्क्रिय वायू पुरत नाही, नळीच्या आतूनही आर्गॉन खेळता ठेवावा लागतो. हे संरक्षण कमी पडले की धातू आपल्या रंगाने ते सांगतो: चांदीसारखा किंवा फिकट गवती रंग असेल तर जोड चांगला, निळा-जांभळा दिसला तर शंका घ्यायची, आणि राखाडी किंवा पांढरट भुकटी दिसली तर जोड सरळ नापास. मात्र बाहेरचा रंग ब्रशने किंवा आम्लाने सहज घालवता येतो. एकसारख्या खवल्यांचा जो सुबक जोड पाहून आम्ही खूश झालो होतो, तो वेल्डरचा हात किती स्थिर आहे एवढेच सांगतो. आत आर्गॉन होता की नव्हता, हे त्यावरून कळत नाही.

यानंतर तुम्ही जे केलेत ते मी पुढे अनेकांना सांगणार आहे. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो त्या, नळकांड्यात तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि बारीक टॉर्च घातलीत. वेल्डिंगनंतर आटे पुन्हा साफ केलेले असतात, त्यामुळे कडेचा रंग निघून गेलेला असतो; पाहायचे ते मधल्या, आटे नसलेल्या पट्ट्यात. माझ्या फ्रेममध्ये तिथे फिकट गवती रंगाचे एक पुसट कडे होते. मित्राच्या फ्रेममध्ये चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) जोडामागे निळी झाक होती आणि तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा निस्तेज राखाडी डाग. कारखाना तोच, मॉडेल तेच, दोन्ही फ्रेम एकाच खोक्यातून आलेल्या. चिनी माल म्हणजे वाईट किंवा अमेरिकी म्हणजे चांगला, असे ठोकून देणाऱ्यांनी त्या दोन फ्रेम शेजारी ठेवून पाहायला हव्या होत्या. चीनच्या शाआन्शी प्रांतातले बाओजी शहर टायटॅनियमच्या उद्योगासाठीच ओळखले जाते आणि तिथे उत्तम काम होते. प्रश्न असतो तो त्या दिवशी त्या जोडावर आर्गॉन नीट पोहोचला की नाही, हा.

मित्राला ती फ्रेम ठेवून घ्यायची होती, कारण डाग आत होता आणि डाय पेनिट्रंट चाचणीत (भेगेत रंगीत द्रव मुरवून ती शोधण्याच्या पद्धतीत) लाल रेघ कुठेही उमटली नव्हती. तुम्ही त्याला न दुखावता पण ठामपणे सांगितलेत, की ती चाचणी पृष्ठभागावर आज उघडलेली भेग दाखवते, उद्या पडणारी दाखवत नाही. चेनस्टेचा जोड पेडलच्या प्रत्येक दाबाला ताण सोसतो. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातही पेडलच्या भाराची थकवा चाचणी १,००,००० आवर्तनांची आहे, आणि ठिसूळ झालेला जोड असा वारंवार येणारा ताणच सहन करू शकत नाही.

दोरीची तपासणीही तुम्ही करून दाखवलीत: एका ड्रॉपआउटपासून (मागचे चाक बसते त्या खाचेपासून) हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणायची आणि सीटखालच्या उभ्या नळीपासूनचे, म्हणजे सीट ट्यूबपासूनचे, अंतर दोन्ही बाजूंना व्हर्नियरने मोजायचे. दोन्ही फ्रेम त्यात उतरल्या. टायटॅनियम वाकवले तरी मागे उसळते, त्यामुळे वाकडी आलेली फ्रेम घरी सरळ करायचा खटाटोप न करता परत पाठवावी, हा तुमचा सल्ला मी लिहून ठेवला आहे.

तुम्ही काढून दिलेले फोटो आणि इन्स्पेक्शन रिपोर्टच्या भाषेत लिहून दिलेल्या चार ओळी आम्ही उत्पादकाकडे पाठवल्या. रंगाची नेमकी जागा दाखवल्यामुळे वाद झालाच नाही आणि दुसरी फ्रेम देण्याचे त्यांनी मान्य केले. तुम्ही सुचवल्याप्रमाणे, रवाना करण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटच्या आतले फोटो पाठवावेत अशी अट आम्ही घातली आहे. माझ्या फ्रेममध्ये सीटपोस्ट (सीटचा दांडा) बसवताना तांबेयुक्त ग्रीस लावले आहे आणि तुम्ही खुणा केलेले जोड दर सर्व्हिसिंगला भिंगाखाली पाहणार आहे. मित्राची नवी फ्रेम पोहोचली की तिला एकही पार्ट लावण्याआधी ती तुमच्याकडे घेऊन येऊ. तुम्हाला सोयीची वेळ कोणती, ते कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
पुण्यातील एक सायकलस्वार