पहिल्याच नोकरीला अनुभवाची अट कशासाठी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सिडको भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवला. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी जुने विद्यार्थी अधूनमधून घरी येतात आणि 'मॅडम, एवढा अर्ज बघून द्या' म्हणून कागद पुढे करतात. पूर्वी हे अर्ज बँकांचे, तलाठी भरतीचे किंवा एखाद्या पतसंस्थेतील लिपिकाच्या जागेचे असत. गेल्या दोन वर्षांत मात्र माझ्यापुढे येणारे बहुतेक अर्ज सुपरमार्केटमधल्या कामाचे आहेत. रॅकवर माल लावणे, सुटे धान्य तोलून पिशव्या भरणे, बिलिंग काउंटरवर बसणे, ऑनलाइन आलेल्या मागणीप्रमाणे वस्तू गोळा करून देणे, अशी ही कामे आहेत. दहावी-बारावी झालेल्या, घरी हातभार लावू पाहणाऱ्या मुलामुलींनी आयुष्यातली पहिली नोकरी म्हणून जी करावीत तीच ही कामे आज त्यांना मिळेनाशी झाली आहेत, आणि ती न मिळण्याचे कारण मुलांच्या अंगात शोधण्याआधी भरतीच्या पद्धतीत शोधावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी बारावी झाली. तिचे वडील सिडकोतल्या भाजीबाजारात हातगाडी लावतात आणि ती सहावीत असल्यापासून संध्याकाळी गाडीवर उभी राहते. पाव किलो गवार, अर्धा किलो टोमॅटो, मेथीची एक जुडी आणि दहाची कोथिंबीर असा हिशेब ती तोंडी करते, गिऱ्हाइकाने दिलेल्या पाचशेच्या नोटेचे सुटे मोजून परत करते, आणि मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज कानावर पडल्याखेरीज पिशवी हातातून सोडत नाही. कालची भेंडी आजच्या भेंडीखाली दबून वाया जाऊ नये म्हणून ती आधी वर काढून ठेवायची, हे तिला कोणी शिकवलेले नाही. सुपरमार्केटमध्ये दुधाच्या किंवा ब्रेडच्या रॅकवर जवळच्या तारखेचा माल पुढे आणि लांबच्या तारखेचा मागे लावतात, तो नियम याहून वेगळा नाही.

एका मोठ्या दुकानात भरती असल्याचे कळले तेव्हा मी तिच्यासोबत गेले होते. दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे मालाचे टेम्पो लागतात, तिथे एक टेबल मांडले होते आणि भिंतीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या फाइल छातीशी धरून मुले-मुली उभी होती. पर्यवेक्षकाने तिचा फॉर्म घेतला आणि बोट सरळ 'पूर्वानुभव' या रकान्यावर ठेवले. तिथे तिने, माझ्याच सांगण्यावरून, 'भाजीविक्री, सहा वर्षे' असे लिहिले होते. "हे चालत नाही, लेटर लागतं," असे म्हणून त्याने फॉर्म डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. डावीकडचा गठ्ठा वीतभर उंच होता, उजवीकडे सात-आठच फॉर्म होते. तो तरुण उद्धट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्याला जी अट वरून सांगितली होती ती तो पाळत होता. परंतु तिला एकही बेरीज विचारली गेली नाही, एखादे पाकीट हातात देऊन त्यावरची तारीख शोधायला सांगितले गेले नाही, आणि अर्जाचे पुढे काय झाले हे कळवणारा एक ओळीचा संदेशही आजतागायत आलेला नाही.

हे 'लेटर' मिळते कुठे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या हंगामात एका दुकानात चोवीस दिवस काम केले. तेलाचे डबे, रव्या-मैद्याच्या पिशव्या आणि उटण्याची पाकिटे रात्री दुकान बंद झाल्यावर रॅकवर चढवायची आणि दिवसा गर्दी आवरायची, असे ते काम होते. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितले. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, कारण काम हंगामी आहे हे त्याला आधीच ठाऊक होते. पण अनुभवाचे पत्र मागायला गेल्यावर दुकानाने त्याला कंत्राटदाराकडे पाठवले आणि कंत्राटदाराने 'टेंपररीला लेटर देत नाही' असे उत्तर दिले. म्हणजे त्याने अनुभव घेतला, दुकानाने त्याचा उपयोगही करून घेतला, पण पुढच्या दुकानाच्या दारात तो पुन्हा कोराच ठरला. अशी कोरी ठरलेली मुले माझ्या परिचयातच पाच-सहा आहेत.

त्याहून वाईट प्रकार नोंदणीच्या नावाखाली चालतो. एका मनुष्यबळ पुरवठादाराने माझ्या एका विद्यार्थ्याकडून टी-शर्ट आणि फाइलचा खर्च म्हणून बाराशे रुपये घेतले आणि दोन महिने 'पुढच्या सोमवारी या' म्हणत झुलवले. ज्या घरात हे बाराशे रुपये आईने घरकामाच्या पगारातून उचल घेऊन दिले होते, त्या घराला ती रक्कम किरकोळ नव्हती. कामाला लावण्यासाठी कामगाराकडूनच पैसे घेण्याची ही रीत इतकी रुळली आहे की मुलांना त्यात काही गैर आहे असेही वाटत नाही. तो विद्यार्थी मला पावती दाखवायला आला होता, कारण ती पावती म्हणजेच नोकरीची हमी आहे असा त्याचा समज करून देण्यात आला होता.

दुकानदारांची बाजू मी ऐकलेली नाही असे नाही. माझा एक जुना विद्यार्थी आज अशाच एका दुकानाचा व्यवस्थापक आहे. तो म्हणाला की नवी मुले पंधरा दिवसांत सोडून जातात, शिकवण्यात गेलेला वेळ वाया जातो, आणि रात्री कॅश जुळली नाही तर जाब त्याला द्यावा लागतो. एका जागेसाठी इतके अर्ज येतात की कुठली तरी चाळणी लावावीच लागते आणि अनुभव ही सर्वांत सोपी चाळणी आहे. त्याचे म्हणणे मला प्रामाणिक वाटले. मात्र मुले का सोडून जातात, असे विचारल्यावर त्यानेच सांगितले की नऊ तास उभ्याने काम असते, शनिवार-रविवारी सुट्टी मिळत नाही आणि पाळी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळते. मग अडचण पाळीच्या आखणीत असेल तर तिच्यावरचा उपाय अनुभवाच्या रकान्यात कसा सापडणार? सहा महिने दुसरीकडे काम केलेल्या मुलाचेही पाय तितकेच दुखतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० अशी धरली आहे आणि त्यानंतर काम द्यायचे झाल्यास तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची व्यवस्था यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे. प्रत्यक्षात साडेनऊला काउंटर बंद होते, त्यानंतर कॅश मोजली जाते, बाहेर पडताना पिशवीची तपासणी होते आणि मुलगी रस्त्यावर येते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. त्या वेळी बस मिळेलच असे नाही, म्हणून आई-वडीलच 'नको ती नोकरी' म्हणतात. कागदोपत्री मात्र ही मुलगी 'काम सोडून गेलेली' अशी नोंदली जाते.

या जागांवर एवढी गर्दी का आहे, हे आकड्यांवरूनही दिसते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचे प्रमाण १०.२ टक्के होते, तर सर्व वयांचे मिळून ते ३.२ टक्के होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालात २०२२ सालच्या पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील ३.४ टक्के दिली आहे. शिकलेल्याला मनाजोगे काम मिळत नाही म्हणून बी.कॉम. झालेला आणि अभियांत्रिकी पदविका घेतलेला मुलगा बारावीच्या जागेसाठी अर्ज करतो आणि बारावीची मुलगी आणखी मागे ढकलली जाते. त्या दिवशी टेम्पोच्या वाटेवर उभ्या असलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या फाइलीत पदवीची गुणपत्रिका होती.

आता मुख्य मुद्दा. केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली असून ती ३१ जुलै २०२७ पर्यंत निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना लागू आहे आणि तिच्यासाठी ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद आहे. भविष्य निर्वाह निधीत पहिल्यांदाच नोंद होणाऱ्या कामगाराला दोन हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात, आणि अतिरिक्त माणसे घेऊन ती किमान सहा महिने टिकवणाऱ्या मालकाला प्रत्येक माणसामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन दोन वर्षे मिळते. दहा ते वीस हजारांच्या पगारासाठी ही रक्कम २,००० रुपये आहे, आणि सुपरमार्केटमधला सुरुवातीचा पगार बहुतेक याच टप्प्यात बसतो. म्हणजे नवख्याला घेण्यात मालकाला जी तोशीस पडते तिचा काही भाग उचलण्याची तयारी सरकारने दाखवली आहे. माझी मागणी एवढीच आहे की जी आस्थापना हा पैसा घेईल तिला माल लावणारा, पॅकर आणि कॅशियर या जागांसाठी अनुभवाची अट घालता येऊ नये. सार्वजनिक पैसा पहिल्या नोकरीसाठी द्यायचा आणि दारावर मात्र 'किमान ६ महिने अनुभव आवश्यक' अशी पाटी राहू द्यायची, हे माझ्यासारख्या हिशेब शिकवणाऱ्या बाईला जुळताना दिसत नाही.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. दिवाळीपुरत्या घेतलेल्या मुलालाही ते मिळाले पाहिजे आणि काम संपताना किती दिवस, कोणते काम केले याचा दोन ओळींचा दाखला दुकानाच्या शिक्क्यानिशी मिळाला पाहिजे. रिकाम्या जागा रोजगार केंद्राला कळवण्याची कल्पनाही नवी नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली होती आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. ती पाळली गेली तर बातमी ओळखीच्या माणसाकडून कळण्याची वाट मुलांना पाहावी लागणार नाही.

शिकणाऱ्या मुलांसाठी चार तासांची पाळी का नसावी, हाही विचार व्हायला हवा. आमच्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली. विद्यापीठांमध्ये त्या नावाची योजना आजही चालते. सुपरमार्केटची गर्दी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असते, नेमकी त्याच वेळी महाविद्यालये सुटलेली असतात. तरीही काम हवे असेल तर नऊ तास, नाहीतर काहीच नाही, असा पर्याय मुलांपुढे ठेवला जातो आणि त्यातून कित्येक जण पदवीचे पहिले वर्ष अर्धवट सोडतात. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. प्राचार्यांनी आणि शहरातल्या दुकानदारांनी एकत्र बसून ते तास दुकानात भरून द्यावेत आणि त्यांचा दाखला पुढे अनुभव म्हणून धरावा, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आमच्या भागातील महाविद्यालयांनी हे मनावर घेतले तर वेळापत्रक जुळवून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींत 'पाहिजेत' या सदराखाली ज्या नोकऱ्या छापल्या जातात त्यांत पगाराचा आकडा आणि कामाची वेळ असल्याशिवाय जाहिरात स्वीकारू नये, आणि अर्जदाराकडून पैसे मागणाऱ्यांना त्या सदरात जागा देऊ नये. आमच्या भागात त्या सदराचे कात्रण अजूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरते आणि वृत्तपत्रात छापले आहे म्हणजे खरेच असणार, असा लोकांचा विश्वास आहे.

त्या मुलीच्या वडिलांकडे महापालिकेचे पथविक्रेता प्रमाणपत्र आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार हा व्यवसाय विक्रेत्याला स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करता येतो. तेव्हा तिने गाडीवर घालवलेल्या सहा वर्षांना कायद्याचाही आधार आहे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. या आठवड्यात तिचा अर्ज दुसऱ्या एका दुकानात जाईल. 'पूर्वानुभव' या रकान्यात तेच शब्द असतील आणि सोबत वडिलांच्या प्रमाणपत्राची छायाप्रत व तिची शिक्षिका म्हणून माझ्या सहीचे पत्र जोडलेले असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
सिडको, नाशिक