आप्पा, तुमच्या नकारांबद्दल आभार

आदरणीय आप्पांना,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला घेतले की तुम्ही लगेच केळीच्या भावावर जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. जळगाव-धुळ्याकडे ज्यांना ऑर्किड लावायची हौस आहे, पण ‘आपल्या उन्हात कुठलं जमायचं’ म्हणून जे थांबलेत, त्यांच्याही वाचनात यावं.

ऑर्किड कुठली लावावीत हे विचारायला भुसावळला तुमच्याकडे आले ती मोबाईलमध्ये फुलांचे फोटो साठवून. तुम्ही ते बघितलेच नाहीत. गॅलरी कोणत्या दिशेला, सकाळचं ऊन किती वाजेपर्यंत, पाणी नळाचं की बोअरचं, मे महिन्यात घराला कुलूप लागतं का, हेच विचारत बसलात. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखी चौकशी! मग माझ्या ऑर्किडच्या यादीवर एकेक काट मारायला सुरुवात केलीत.

सिम्बिडियम पहिल्या फटक्यात बाद. त्याला फुलायला उन्हाळा सरताना गार रात्री लागतात आणि आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्रीही घामाच्या. फॅलेनॉप्सिससाठी मी थोडी भांडले. नवशिक्यांना सगळीकडे तेच सुचवतात आणि पुण्या-मुंबईच्या खिडकीत ते निभतंही. पण त्याला पाणी साठवायला जाड कांडी नसते. मेमध्ये पारा ४५ गाठतो, वर कोरडी लू, त्यात पानं मलूल होतात. शिवाय रात्री १५ अंशांखाली गेल्या की ते कुरकुरतं आणि आपल्याकडे हिवाळ्यात त्या सहज १०-१२ वर येतात. टोपलीत मुळं लोंबणारा संकरित व्हँडा तर मला फार हवा होता. ‘ज्या मुळांना माती नाही, त्यांना आपल्या वैशाखात दिवसातून दोन-तीनदा पाणी द्यावं लागेल. तू सकाळी नऊला ऑफिसला जाणार,’ म्हणालात. विषय संपला.

दुसरा कोणी असता तर महागडं रोप माझ्या हातात ठेवून मोकळा झाला असता. तुम्ही मात्र ज्यांना माझं घर मानवेल अशी तीनच सुचवलीत.

त्यातलं पहिलं डेंड्रोबियम, जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं, हारवाल्यांकडे नेहमी दिसतं तेच. उष्णता सोसतं, जाड कांडीत पाणी राखून ठेवतं, एखाद्या दिवशी पाणी चुकलं तर रागावत नाही. जुन्या, पानं गळलेल्या कांड्या बघून माझे हात शिवशिवायचे. तुम्ही कात्री लावू दिली नाहीत. ती कांडी म्हणजे रोपाची शिदोरी, शिवाय तिच्यावर पुन्हा तुरा येऊ शकतो. यंदा आलाच. दुसरं स्पॅथोग्लॉटिस, म्हणजे जमिनीतलं ऑर्किड. ते साध्या कुंडीत, पाणी निचरणाऱ्या मातीत वाढतं. आईला ऑर्किडची भीती वाटायची, ती या एका झाडामुळे गेली. तिसरं ब्रासाव्होला नोडोसा. मूळचं मध्य अमेरिकेकडचं, पेन्सिलीसारख्या जाड पानांचं, दिसायला साधंच, पण अंधार पडल्यावर सुगंध सोडणारं. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या माणसाला याहून सोयीचं फूल नाही, असं माझं मत.

पण सगळ्यात जास्त ऋणी आहे ती पाण्याबाबत. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरतो. ते क्षार कुंडीत साचले तर मुळांची टोकं काळी पडतात, हे रोप घेण्याआधीच सांगितलंत. आता पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रममध्ये धरते, ते संपलं की आरओचं शुद्ध पाणी वापरते. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नाही, त्यात क्षार अजून जास्त. पाणी कधी द्यायचं हे मुळंच सांगतात. पांढुरकी दिसली तर तहानलेली, हिरवी असली तर थांबायचं. तरी मी झारी उचललीच की तुमचं ठरलेलं, ‘पानी दी दी मारी टाकशी तिले!’

खताच्या बाबतीत तर आपण खान्देशी माणसं श्रीमंतच. केळीच्या ठिबकात सोडतात ते १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत, घरात पडलेलंच असतं. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि अधूनमधून नुसतं पाणी ओतून कुंडी धुऊन काढायची. डेंड्रोबियम आणि ब्रासाव्होलाच्या कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे काप. सकाळचं कोवळं ऊन झालं की वर शेडनेट. मेमध्ये दुपारी कठड्यावर ओलं गोणपाट, कुंड्यांखाली खडे आणि पाण्याचे ट्रे. हे सगळं तुमच्या गॅलरीत बघून केलंय.

आणखी एका नकाराबद्दल आभार मानायचे राहिलेत. सातपुड्यातल्या तोरणमाळला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जंगलातलं रोप मागवू का, असं मी विचारलं होतं. तुमचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. सातपुड्यात आंब्या-मोहाच्या फांद्यांवर आपला स्वतःचा व्हँडा टेसेलाटा असतो. तो तिथेच राहावा. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजणार. म्हणजे एक रोप ओरबाडलं की त्याची जागा भरून यायला फार वेळ लागतो. अभयारण्यातून रोप उचलणं तर गुन्हाच. आणि आता जंगलातून आणायची गरजही नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत सिम्बिडियमची रोपं वाढवायची, म्हणजे टिश्यू कल्चरची, वाट दाखवली. आज टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्या जळगाव जिल्ह्याने ऑर्किडसाठी जंगलाकडे बघावं, हे तुम्हाला पटत नाही. मलाही आता नाही.

डेंड्रोबियमच्या एका कांडीवर पिल्लू, म्हणजे छोटं नवं रोप, फुटलंय. मुळं बोटभर झाली की वेगळं करायचं ना? कात्री तुम्हीच चालवा, माझा हात थरथरतो. पिल्लू काकूंसाठी राखून ठेवलंय. येताना दोघं या. वांगी आणि कळण्याचं पीठ घरात आहे.

आपली नम्र,
जळगावची तुमची शिकाऊ