कुत्रा चावल्यावर रक्त तपासून काय मिळणार?

मा. संपादक, स. न.

बंदरांवर आणि मासळी वाळवण्याच्या जागी भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट झाल्याच्या बातम्या नेमाने छापून येतात. चावल्यानंतर काय करायचं, ते मात्र कुठे नीट वाचायला मिळत नाही. त्यामुळे वाडीवाडीत एकच सल्ला चालतो: ‘आधी रक्त तपासून घे, काही निघालं तर इंजेक्शनं घेऊ.’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

रेबीजचा विषाणू रक्तात फिरतच नाही. लाळेतून तो स्नायूत उतरतो, तिथून मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. प्रतिकारशक्तीचा पहारा रक्तात आणि लसिकाग्रंथींत. तंतूच्या आत काय चाललंय याचा तिला पत्ता लागत नाही. त्यात हा विषाणू ज्या पेशीत राहतो तिला मारत नाही; मेली असती तर निदान बोभाटा झाला असता. पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करू पाहते, तर विषाणूचं ‘पी’ प्रथिन तो निरोपच दाबतं. जनुकं अवघी पाच! फ्लूच्या विषाणूसारखं सतत रूप पालटण्याची याला गरजच पडत नाही. लक्षणं बहुधा 1 ते 3 महिन्यांत दिसतात. तोवर रक्तात अँटिबॉडी सहसा सापडत नाहीत आणि त्यानंतर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य.

म्हणजे जे करायचं ते विषाणू तंतूत शिरण्याआधी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून 15 मिनिटं धुवावी. नळ नसेल तर कुणाला तरी तांब्याने पाणी ओतत राहायला सांगावं. मग पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावं. तिखट, चुना, रॉकेल अजिबात नको. टाके शक्यतो घालूच नयेत.

लस दंडात घेतात (पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली): स्नायूत 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14, 28 या दिवशी, कातडीत दिली तर 0, 3, 7, 28. कुत्रा 10 दिवस नजरेखाली ठेवावा, पण लस त्यासाठी थांबवू नये.

लसीच्या अँटिबॉडी तयार व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. रक्त आलेल्या चाव्यात ही फट इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, भरून काढतं. मानवी असेल तर किलोमागे 20 युनिट, घोड्याचं असेल तर 40. ते जखमेतच, कडेकडेने टोचायचं असतं. चावा बोटाला असेल तर मावेल तेवढंच द्यावं, जोर करून भरल्यास बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. लसीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवस उलटले की ते देत नाहीत, कारण शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडींना त्याची आडकाठी होते.

लस तालुक्याला मिळते. इम्युनोग्लोब्युलिनसाठी मात्र अनेकदा जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं, आणि घाटवाटेच्या गावातून त्यात अख्खा दिवस जातो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर दोन्हींचा शिल्लक साठा रोज लिहावा आणि पावसाळ्यात वीज गेली तरी लसीचा फ्रीज 2 ते 8 अंशांवर राहील एवढी सोय करावी, ही जिल्हा परिषदेला विनंती.

— एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. रत्नागिरी