पन्नास टक्के, पण कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 साली 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. त्याच दिवसापासून अमेरिकेने भारतीय मालावरचे जादा आयात शुल्क (टॅरिफ) 25 वरून 50 टक्क्यांवर नेले. इकडे आरत्या चालू, तिकडे बेळगावच्या उद्यमबाग ते मच्छे या कारखान्यांच्या पट्ट्यात एकच चर्चा, ‘टॅरिफ पन्नास झालं.’

खंडेनवमीला उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये पूजेला गेलो होतो. मालक माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. लेथला हार, व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) हळदकुंकू, पण कोपऱ्यातली दोन मशिनं झाकलेली. म्हणाला, “काका, एक्स्पोर्टवाल्या पार्टीनं नगामागं रेट पाडलाय. टॅरिफ पन्नास टक्के झालंय म्हणं.” मी विचारले, “कुठलं पन्नास?” तो नुसता बघत राहिला.

त्याचा दोष नाही. वर्तमानपत्रांनीही (आपल्यासकट, रागावू नये) दोन्ही पन्नास एकाच पोत्यात भरले. एक पन्नास फक्त भारत, ब्राझील अशा मोजक्या देशांसाठी होते. आपल्या पन्नासातला अर्धा भाग आपण रशियाचे तेल घेतो म्हणून लावला होता. दुसरे पोलाद, ॲल्युमिनियम आणि त्यांच्या वस्तूंवरचे. ते 4 जून 2025 पासून ब्रिटन वगळता जवळजवळ साऱ्या जगाला होते. 18 ऑगस्टला त्या धातूच्या वस्तूंच्या यादीत आणखी 407 कोड (आयात-निर्यातीत प्रत्येक वस्तूला दिलेले क्रमांक) घातले गेले, त्यात यंत्रांचे भागही आले. मोटारी आणि हलक्या ट्रकच्या सुट्या भागांना तिसराच हिशेब होता, 25 टक्के. ज्या मालाला धातूचे किंवा मोटारीचे शुल्क लागायचे, त्याच्या त्याच किमतीवर भारताचे पन्नास पुन्हा चढत नव्हते.

भाव ठरवायला बसल्यावर हा फरक कळतो. पहिले पन्नास लागत असले तर गिऱ्हाईक म्हणायचे, ‘व्हिएतनामहून घेतो, तिथं 20 आहे.’ दुसरे असले तर व्हिएतनामच्या मालालाही तेच लागायचे. मग आमच्या पोराने नगामागे रुपये का सोडायचे? शुल्क भरतो तिकडचा आयातदार. तो सूट मागतो निर्यातदाराकडे, निर्यातदार फाउंड्रीकडे (ओतशाळेकडे), फाउंड्री जॉबवर्कवाल्याकडे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने मशिनिंग करून देणाऱ्या या पोरासारख्याकडे. त्याच्या खाली फक्त ऑपरेटरचा ओव्हरटाइम उरतो.

सगळे अडते ते कोडवर. तेच बिडाचे कास्टिंग साधी ओतीव वस्तू म्हणून गेले तर 7325, बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग बसते ते घर) म्हणून 8483, गाडीचा भाग म्हणून 8708. रफ आहे, मशिनिंग बाकी आहे म्हणून सुटका नाही. आकारावरून भाग ओळखू येत असेल तर तो भागच धरतात. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे ज्याच्या त्याच्या देशाचे. आपल्याकडे आठ अंक, अमेरिकेत दहा. शुल्क ठरते अमेरिकेतल्या त्या कोडवर, आणि जॉबवर्कवाल्याच्या माल पाठवायच्या चलनावर लिहिलेले असते नुसते ‘हाउसिंग, 200 नग’.

आपल्या अंकातून आठवड्याला एकेका वस्तूचा कोड आणि त्याचे शुल्क मराठीत छापावे, ही विनंती. जिल्हा उद्योग केंद्रानेही हे मराठी-कानडीत समजावून सांगणारी एखादी बैठक उद्यमबागेतच घ्यावी. आणि संध्याकाळी सातनंतर घ्यावी. दुपारी मशीन सोडून कोण येणार?

त्या मुलाला मी पार्टीकडून कोड विचारून घे म्हटले होते. अजून विचारलेला नाही. विचारला तर आहे तेही काम तुटेल, म्हणतो.

आपला,
एक निवृत्त मशीनशॉप सुपरवायझर
अनगोळ, बेळगाव