'पो-नाशोमू' बोलणाऱ्यांसाठी एक रकाना

प्रति,
मा. प्रमुख, वांशिक धोरण आणि श्रद्धास्वातंत्र्य सेवा,
युक्रेन सरकार, कीव्ह

विषय : कार्पेथियन डोंगरातल्या 'रुसिन' या स्लाव्ह समाजासाठी जनगणनेत स्वतंत्र रकाना

महोदय,
स. न. वि. वि.

मी साताऱ्याकडचा डॉक्टर. वैद्यकीय शिक्षणाची सहा वर्षं तुमच्या पश्चिम सीमेवरच्या उझहोरोदला काढली. तुमची भाषा मला वॉर्डापुरतीच येते, म्हणून पत्र मराठीत लिहितोय. भाषांतर सोबत जोडलं आहे.

भाषेच्या तासाला आम्हाला बटाट्याला 'कार्तोप्ल्या' म्हणायला शिकवलं. वॉर्डात गेलो तर खेड्यातल्या आज्या 'क्रुम्पली' म्हणायच्या, टोमॅटोला 'पारादिच्की'. दोन्ही शब्द हंगेरियनमधून आलेले. मी घरमालकीण आजींना विचारलं, ही कुठली भाषा? म्हणाल्या, 'पो-नाशोमू'. म्हणजे आमच्यातलं. आणि तुम्ही कोण? 'रुसिन.' मग जरा थांबून, 'पण सोव्हिएत पासपोर्टात युक्रेनियन लिहिलं होतं.'

आजींचा जन्म १९३६चा, खूस्तजवळच्या गावातला. तेव्हा तिथं चेकोस्लोव्हाकिया होता. १९३९ला हंगेरी आली, १९४५ला सोव्हिएत संघ, १९९१ला युक्रेन. घर तेच, विहीर तीच. प्रागनं या प्रांताला १९१९च्या करारात कबूल केलेली स्वायत्तता द्यायला १९३८ उजाडलं. पुढच्या मार्चमध्ये खूस्तला स्थानिक नेते व्होलोशिन यांच्या नेतृत्वाखाली या प्रांताचं 'कार्पेथियन युक्रेन' म्हणून स्वातंत्र्य जाहीर झालं आणि लगोलग हंगेरीच्या फौजांनी ते चिरडलं. मग सोव्हिएत राजवटीनं रुसिन नावाचे कोणी नाहीतच, सगळे युक्रेनियन, असं ठरवून टाकलं. प्रांताचं नाव झालं झाकारपात्तिया, म्हणजे कार्पेथियन पर्वतापलीकडचा. पलीकडचा कुणाच्या नजरेतून? कीव्हच्या. आम्ही घाटावरचे 'खाली कोकणात' म्हणतो ना, तसंच. कोकणातला माणूस काही स्वतःला खालचा समजत नाही.

तर माझी मागणी एकच: पुढच्या जनगणनेत 'रुसिन' हा स्वतंत्र रकाना असावा. स्वतंत्र युक्रेनची आजवरची एकमेव जनगणना २००१ची. तीत १० हजारांवर लोकांनी स्वतःला रुसिन म्हटलं, पण ते युक्रेनियनांचा एक उपगट ठरले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं रुसिनांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता देण्याचा विचार करा म्हटलं. २००७ला उझहोरोदच्या प्रांतिक परिषदेनं ती आपल्यापुरती देऊनही टाकली. तुमच्या शेजारी स्लोव्हाकियात रुसिन भाषा १९९५ सालीच प्रमाणित झाली. सर्बियातल्या व्होय्वोदिनात ती अधिकृत भाषांपैकी एक आहे. कीव्हला मात्र ती अजून बोलीच वाटते.

तुमची भीती मला कळते. २००८ मध्ये याच प्रांतातल्या मुकाचेवोत काही मंडळींनी रुसिन प्रजासत्ताकाची घोषणा ठोकून दिली होती, आणि मॉस्को हे नाव हवं तेव्हा खिशातून काढतं. पण म्हणूनच ते मॉस्कोच्या खिशात का राहू द्यायचं? त्याच मुकाचेवोची १२८वी पर्वतीय ब्रिगेड आज तुमच्यासाठी लढते आहे. तिच्यातले किती जण घरी 'क्रुम्पली' म्हणतात, हे कुणी मोजलेलं नाही.

स्वायत्ततेबद्दल मी बोलत नाहीये. १९९१च्या डिसेंबरात या प्रांतानं युक्रेनच्या स्वातंत्र्याला ९२ टक्क्यांवर मतं दिली आणि त्याच दिवशी विशेष स्वशासित दर्जाला ७८ टक्क्यांवर. पहिलं मत मोजलं गेलं, दुसरं कागदावर राहिलं. पण लष्करी कायदा असताना घटनादुरुस्ती करता येत नाही, हे तुमचं कलम १५७च सांगतं. रकान्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

हंगेरियनांचं बघा. २००१च्या जनगणनेत ते प्रांतात १२ टक्के होते, सीमेजवळच्या बेरेहोवेत तर घड्याळंही बुडापेस्टच्या वेळेवर लावतात. अल्पसंख्याकांच्या भाषांतलं शालेय शिक्षण आखडणाऱ्या २०१७च्या शिक्षण कायद्यावरून बुडापेस्टनं नाटोच्या दारात तुमची अडवणूक केली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा बोलणाऱ्या अल्पसंख्याकांना शाळेत सवलती मिळाल्या. बरं झालं. पण रुसिन त्या यादीतही बसत नाही, आणि तिच्यासाठी अडून बसणारं सरकार कुठल्याच राजधानीत नाही.

आमच्याकडेही 'कोकणी ही मराठीचीच बोली' असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. कॉलेजात मीही सांगायचो. साहित्य अकादमीनं १९७५ला कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ला ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मराठीचं काय गेलं, मला अजून सापडलेलं नाही.

आजी आता नव्वदीच्या आहेत. गणक दारात येईल तेव्हा त्याच्या कागदावर हा रकाना छापलेला असावा, एवढंच.

आपला,
उझहोरोदचा एक जुना विद्यार्थी

ता. क. : भाषांतर करणाऱ्याला 'क्रुम्पली' तसंच ठेवायला सांगितलंय. त्यानं आधी 'कार्तोप्ल्या' केलं होतं.