बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये

महोदय,

जुनी मोटार घेताना रंग, टायर, किलोमीटरचा आकडा सारे पाहिले जाते. परंतु नोंदणीवरील बँकेचा बोजा, म्हणजे वाहनकर्जाची नोंद, उतरला आहे का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासायचे राहते आणि फसवणूक नेमकी तेथे होते. बँकेचे ना-हरकत पत्र व बोजा उतरवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ३५, हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० या अर्जांवर कोऱ्या सह्या करून ते दलालाकडे सोडण्याची सर्रास पद्धत विक्रेत्याच्याही मुळावर येते, कारण नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. परिवहन कार्यालयांनी ही माहिती दर्शनी भागात लावावी.

– एक वाचक, पुणे