अकरा महिन्यांनंतर

ठाणे

प्रिय एली,
शालोम.

दिवाळीआधी तुझा फोन येऊन गेला, त्यानंतर मी गप्पच. चुकलंच माझं. तब्येत ठीक, गुडघा तसाच, आई हिंडतीफिरती आहे. आता मुद्द्याचं, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

सोमवारी बाबांचा कद्दिश, मेलेल्या बापासाठी अकरा महिने सभेत म्हणायची ती प्रार्थना, संपला. तेव्हापासून एकच प्रश्न पाठ सोडत नाही: त्यात मन किती होतं? पहिल्या 'यित्गद्दल' शब्दाला तोंड सुरू होतं ते शेवटच्या 'ओसे शालोम'ला तीन पावलं मागे सरकेपर्यंत. मधलं सगळं ओठच म्हणतात.

अकराच महिने का, हे तुला माहीत आहे. एदुयोतच्या मिश्नेत, म्हणजे जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, दुष्टांचा गेहिनोममधला (नरकातला) न्याय 12 महिन्यांचा सांगितलाय. पूर्ण बारा महिने म्हणायचं म्हणजे आपल्याच बापाला दुष्टांत बसवायचं, म्हणून महिनाभर आधी थांबायचं. मोजमाप सगळं परलोकाचं, आणि खुद्द कद्दिशमध्ये मेलेल्याचं नाव नाही, मरणाचा शब्द नाही, त्याच्या आत्म्यासाठी मागणं नाही. अरामी भाषेत देवाच्या नावाचं मोठेपण, आणि शेवटी सगळ्या इस्राएलसाठी शांती. मग बापाला त्यातून पोचतं काय?

मला वाटतं, पोचतं ते लोकांचं उत्तर, त्यांचं आमेन. दहा जणांशिवाय कद्दिश म्हणता येत नाही तो त्याचसाठी. रब्बी अकिवांची, त्या जुन्या धर्मगुरूंची, ती गोष्ट आठव. मेल्यावर शिक्षा म्हणून लाकडं वाहत पळणारा करवसुलीदार, आणि मागे राहिलेला त्याचा पोरगा, ज्याला कुणी अक्षरही शिकवलं नव्हतं. अकिवा त्याला आलेफ-बेतपासून शिकवतात, पोरगा सभेपुढे उभा राहतो, सभा उत्तर देते आणि बाप सुटतो. पोराला किती कळलं होतं, हे गोष्ट विचारतच नाही.

पण ते उत्तर धड हवं. तालमुद या धर्मग्रंथाच्या ब्राखोत भागात बिघडलेल्या आमेनचे प्रकार दिलेत. म्हणणाऱ्याचं वाक्य संपायच्या आधीच म्हटलेलं ते हिसकावलेलं. शेवटचं अक्षर खाल्लेलं ते तुटकं. आणि कशाला उत्तर देतोय हे ठाऊक नसताना म्हटलेलं ते अनाथ. कद्दिश म्हणणाऱ्याने वाक्यामागून वाक्य दामटलं की ऐकणाऱ्यांच्या हाती हिसकावलेलं आणि तुटकं आमेन तेवढं उरतं. तू म्हणायचास ना, आज हझानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) फास्ट लोकल पकडायची आहे! तेव्हा हसलो होतो आपण. पण घाई करणारा आपलंच नाही, नऊ जणांचं आमेन बिघडवतो.

आपलं मालिद्यावरचं भांडण आठवतंय? पेपर बरे गेले म्हणून मालिदा करून नवस फेडायचा होता. पोहे भिजले होते, गूळ-खोबरं कालवलं होतं, आणि तू परातीसमोर उभा राहून अंतिगोनस या जुन्या गुरूचं वचन काढलंस: मोबदल्यासाठी धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. नवस म्हणजे देवाशी सौदा, असं तुझं म्हणणं. मी तालमुदातल्या पसाहिममधलं वचन फेकलं: 'हे नाणं दान, माझा मुलगा जगावा म्हणून, किंवा मला ओलाम हबा (परलोक) मिळावं म्हणून', असं म्हणणारा पूर्ण सदाचारी. त्या गडबडीत केळ्यावर झाडाच्या फळाचा ब्राखा (आशीर्वाद) म्हटला गेला, आणि केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, तिथे जमिनीच्या फळाचा, 'हाअदामा', म्हणायचा, यावरून पुन्हा अर्धा तास!

आता वाटतं, ते वचन का खरं ठरतं हे तेव्हा आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. देणाऱ्याच्या मनात काही का असेना, नाण्याची भाकरी होते आणि गरीब जेवतो. मध्ययुगातले धर्मशास्त्री रांबाम तशुवाच्या (पश्चात्तापाच्या नियमांच्या) दहाव्या प्रकरणात तुझ्याच बाजूने आहेत. ओलाम हबा मिळावं म्हणून आज्ञा पाळू नकोस, प्रेमाने पाळ, असं ते स्पष्ट लिहितात. पण शिकणाऱ्याची सुरुवात लोभाने आणि भीतीने होते, हेही तेच मान्य करतात. मी अकरा महिने बाबांची सुटका व्हावी म्हणूनच उभा राहिलो. प्रेम होतं, पण ते बाबांवरचं. ते चालतं का, एली?

शास्त्राला माणसाचं मन ठाऊक आहे, एवढा आधार वाटतो. शमाच्या ('ऐक इस्राएल' या प्रार्थनेच्या) पहिल्या ओळीला कव्वाना, म्हणजे मनाची एकाग्रता, हवीच. मन भरकटलं तर ती ओळ पुन्हा म्हणायची, तीही हळू आवाजात, नाहीतर ऐकणाऱ्याला दोन देवांना हाक मारल्यासारखं वाटेल. अमिदाचे, उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेचे, आज 19 आशीर्वाद, पण निदान पहिल्यात तरी अर्थ मनात हवा. आणि तिथे चुकलं तर? शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथावर रमा (रब्बी मोशे इस्सर्लिस) लिहितात की हल्ली पुन्हा म्हणायला लावत नाहीत, कारण दुसऱ्या खेपेलाही मन लागेलच असं नाही. केवढी दया आहे या वाक्यात! प्रवासाहून दमून आलेल्याने मन ठिकाणावर येईपर्यंत प्रार्थना करू नये, असं रांबाम सांगतात. कल्याण लोकलमधून उतरून थेट प्रार्थनेला उभं राहणाऱ्याने निदान पाच मिनिटं बाकावर बसावं, मग पावलं जुळवावीत. अर्थ लागत नसेल तर मराठीत म्हणावं. शमा आणि तेफिल्ला (अमिदा) कुठल्याही भाषेत चालते, हे सोताच्या मिश्नेतच आहे.

वर गेल्यावर विचारतात त्यातला पहिला प्रश्न 'व्यवहार सचोटीने केलास का' हा आहे. बाबांनी त्याचं उत्तर दुकानाच्या गल्ल्यावर बसून आयुष्यभर दिलं. तिथे त्यांना माझी गरज पडली नसावी.

म्हणून मी ठरवलंय, कद्दिश संपला तरी सकाळी जायचं. दहावा माणूस मिळत नाही म्हणून कितीदा कुणाचा तरी कद्दिश राहून जातो. दुसऱ्याच्या बापासाठी तरी आमेन पूर्ण म्हणता येईल.

तुझ्या मुलीची लष्करातली नोकरी संपली का? अश्दोदचं नवं घर मिळालं का? वहिनींना शालोम सांग. आणि मराठी अर्थाचं ते जुनं तेफिल्लाचं पुस्तक तुझ्याच ट्रंकेत आहे, नाकारू नकोस. त्यातल्या कद्दिशच्या पानाचा फोटो पाठव. सभेने उत्तर म्हणून म्हणायच्या 'यहे शमे रब्बा'चं मराठी त्यात कसं केलंय, ते मला बघायचंय.

तुझा,
दानी